कुलूप कोणी लावले ते लिहून ठेवा



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांनी आपली सगळी नोकरी महाडच्या याच औद्योगिक वसाहतीत कारखान्याची कागदपत्रे सांभाळण्यात घालवली. कोणत्या कार्यपद्धतीची कोणती आवृत्ती चालू आहे, कोणती रद्द झाली, बदल कोणी सुचवला, तपासला कोणी, सही कोणाची, हे त्यांना विचारायचे आणि त्यांनी कपाटातून नेमकी फाइल काढून द्यायची. बाहेरच्याला हे काम किरकोळ वाटेल. रसायनाच्या कारखान्यात ते जिवाशी असते. त्यांच्या कामातूनच आजचा विषय मला सुचला. जे लिखाण सगळ्यांचे मिळून असते, त्यात हात घालण्याचा अधिकार कोणाला द्यायचा आणि कोणाचा काढून घ्यायचा? उदाहरण म्हणून मी मराठी विकिपीडिया घेणार आहे, कारण तिथे हा प्रश्न रोज उभा राहतो आणि त्याचे उत्तर तुमच्या-माझ्यासारखी, बिनपगारी, हौसेने लिहिणारी माणसे देत असतात.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९९५ साली वाचणाऱ्यालाच पान दुरुस्त करता येईल असे पहिले संकेतस्थळ सुरू केले. त्याच तंत्रावर १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजी विकिपीडिया उभा राहिला आणि १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया. आज मराठीत लाखाच्या आसपास लेख आहेत. नियम एका वाक्याचा आहे: पान कोणीही संपादित करू शकतो. पण त्या वाक्याखाली अपवादांची लांबलचक यादी आहे, आणि माझा सगळा रस त्या अपवादांत आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. सामाईक लिखाणाला केव्हा ना केव्हा कुलूप लावावेच लागते. कुलूपच नको म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, आणि सगळ्यालाच कुलूप लावा म्हणणाऱ्यांशी तर मुळीच नाही. मला दोन गोष्टी पाहायच्या असतात. कुलूप कोणी, कधी, कशासाठी आणि किती दिवसांसाठी लावले याची नोंद सगळ्यांना दिसते का? आणि ते लावताना माणूस कोण आहे ते पाहिले, की त्याने काय केले ते पाहिले?

हा प्रश्न संगणकाने आणला असे कोणी समजू नये. मराठीत तो सुमारे साडेचारशे वर्षे जुना आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ च्या सुमारास, एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. मूळ ग्रंथ होऊन तेव्हा तीनशे वर्षे होत आली होती. छापखाना नव्हता. एका पोथीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा नकला होत गेल्या. कोणाच्या हातून शब्द सुटला, कोणाला जुना शब्द कळेना म्हणून त्याने ओळखीचा घातला, कोणी भक्तिभावाने स्वतःची ओवीच जोडून दिली. प्रत्येक लेखनिक संपादक झाला होता आणि कोणी काय बदलले हे कोणालाच सांगता येत नव्हते. नाथांनी प्रती जमवल्या, पाठ ताडून पाहिले, ग्रंथ शुद्ध केला आणि शेवटी इशारा लिहून ठेवला की यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये. मराठीतले हे पहिले मोठे कुलूप, असे मी मानतो. आणि ते लावणारा माणूस त्या अधिकाराचा होता.

नाथांचे उपकार मोठेच आहेत. पण त्यांनी कोणते पाठ बदलले, कोणत्या ओव्या वगळल्या, याची यादी मागे राहिलेली नाही. त्यामुळे पुढे १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी एक जुनी पोथी छापली आणि ही नाथपूर्व प्रत आहे असे म्हटले, तेव्हा नवा वाद उभा राहिला. विद्वानांनी त्यावर आयुष्यातली वर्षे घातली. नाथांसमोर होत्या त्या सगळ्या पोथ्या आणि त्यांच्या दुरुस्त्यांचे टाचण आज आपल्याजवळ असते, तर तो वाद एका दुपारी मिटला असता. नाथांच्या काळात तसे टाचण जपण्याची सोय नव्हती, त्यामुळे दोष त्यांचा नाही. आपल्या काळात सोय आहे.

ती कशी, ते जवळून पाहा. मराठी विकिपीडियाचे कोणतेही पान उघडा, समजा पोलादपूरचे. वरच्या बाजूला ‘चर्चा’ असते आणि ‘इतिहास पहा’ असते. इतिहासावर टिचकी मारली की त्या पानाच्या जन्मापासूनचा प्रत्येक बदल ओळीने दिसतो: तारीख, वेळ, कोणी केला, मजकूर किती बाइटने वाढला किंवा घटला, आणि करणाऱ्याने कारण लिहिले असेल तर तेही. कोणत्याही दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवता येतात. काढलेला मजकूर एका रंगात, घातलेला दुसऱ्या रंगात. रात्री दोन वाजता कोणी कवींद्र परमानंदांच्या समाधीचा उल्लेख काढून तिथे आपल्या नेत्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, तरी काढलेले वाक्य नष्ट होत नाही. सकाळी एखादी शिक्षिका ते पाहते, ‘उलटवा’ म्हणते आणि पान पूर्ववत होते. बिघडवायला लागतो त्याहून कमी वेळ दुरुस्त करायला लागतो, या एका गोष्टीवर सगळा डोलारा उभा आहे. दार उघडे ठेवणे परवडते ते आतली एकही वस्तू कायमची चोरीला जात नाही म्हणून.

तरीही कुलूप लागते. एखाद्या पानावर दिवसभर तोच धुडगूस चालू राहिला, उलटवणारे थकले, तर प्रचालक पान ‘सुरक्षित’ करतात. प्रचालक म्हणजे जास्तीची अवजारे सोपवलेले, तिथल्याच मंडळींनी निवडलेले संपादक. सौम्य कुलपात फक्त नवखे आणि नाव न नोंदवलेले लोक थांबतात. इंग्रजी विकिपीडियावर चार दिवस जुने खाते आणि दहा संपादने एवढ्यावर ते उघडते. त्याच्या वरचे कुलूप तीस दिवस आणि पाचशे संपादने मागते. जातिसमूहांवरच्या पानांसारख्या सतत पेटत्या विषयांत ते वरचेवर दिसते. सर्वांत कडक कुलपात एकटे प्रचालक उरतात, आणि तिथेही संकेत असा की प्रचालकाने त्या पानावर मनाला येईल ते लिहू नये, चर्चेत जे ठरले तेवढेच करावे. ज्या वादात तो स्वतः एका बाजूला आहे, त्या पानाला त्याने कुलूप लावू नये. लावताना मुदत घालायची, कारण लिहायचे. याची वेगळी नोंदवही असते आणि ती कोणालाही वाचता येते. भांडण चालू असताना कुलूप लागते तेव्हा त्या क्षणी जी आवृत्ती असेल ती गोठते. ती बरोबर आहे असा त्याचा अर्थ नाही. ज्या बाजूची आवृत्ती गोठली नाही, तिला हे फार झोंबते. तिने चर्चापानावर जावे, संदर्भ मांडावेत, एवढीच अपेक्षा असते.

हे नियम अनुभवातून आले. २००५ साली जॉन सीगेन्थालर या ज्येष्ठ अमेरिकी पत्रकाराच्या चरित्रात कोणीतरी लिहिले की केनेडींच्या हत्येशी त्यांचा संबंध असल्याचा संशय होता. धादांत खोटे. तरी ते चार महिने तसेच राहिले. बोभाटा झाला आणि त्या डिसेंबरपासून इंग्रजी विकिपीडियावर खाते नसलेल्यांना नवे पान सुरू करता येईनासे झाले. मला हे कुलूप योग्य वाटते. जिवंत माणसाच्या अब्रूची जबाबदारी मोकळेपणाच्या हौसेपेक्षा मोठी आहे.

उलट बाजूची गोष्ट क्रोएशियाची. तिथल्या विकिपीडियावर साधारण २०११ पासून दहाएक वर्षे प्रचालकांच्या एका लहान गटाने ताबा ठेवला. दुसऱ्या महायुद्धातल्या अत्याचारांचे लेख सौम्य केले गेले, हरकत घेणाऱ्यांना बाहेर काढले गेले. कुलपे सगळी नियमानेच लावलेली, पण किल्ल्या एकाच मताच्या खिशात. अखेर बाहेरून दबाव आला, त्या गटाचे अधिकार काढले गेले आणि २०२१ साली विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने या प्रकरणाचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला.

तिसरी गोष्ट स्कॉट्स भाषेची, आणि मराठी माणसाने तिच्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. २०२० साली उघडकीला आले की त्या भाषेच्या विकिपीडियावरचे वीस हजारांहून अधिक लेख एकाच अमेरिकी मुलाने सुरू केलेले होते. त्याला ती भाषा येत नव्हती. इंग्रजी वाक्ये घेऊन तो स्कॉट्ससारखी दिसणारी स्पेलिंगे बसवत गेला. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. तो लिहायला लागला तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा होता. तिथे दार सताड उघडे होते, कुलूप कुठेच नव्हते, आणि वर्षानुवर्षे कोणी आत डोकावलेच नाही. पाहणारेच नसतील तर उघड्या दाराचाही उपयोग नाही आणि कुलपाचाही नाही.

आता आपल्या गावाकडे येतो. महाडमध्ये उभे राहून, सामाईक गोष्टीला हात कोणी लावायचा या विषयावर बोलायचे आणि चवदार तळ्याचे नाव घ्यायचे नाही, हे मला जमणार नाही. एका संकेतस्थळाची मी तळ्याच्या लढ्याशी बरोबरी करत नाही. तिथे माणसाच्या माणूसपणाचा प्रश्न होता. पण अधिकार कागदावर देणे आणि प्रत्यक्षात देणे यांतले अंतर त्या इतिहासाइतके स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलेले नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने मंजूर केला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून तळे खुले केल्याचा ठराव केला. झाले, दार उघडले! आणि तीन वर्षे त्या दारातून कोणी आत जाऊ शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर त्यांच्याबरोबरच्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले गेले, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच जुना ठराव रद्द केला. डिसेंबरात दिवाणी दावा, तात्पुरती मनाई. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला.

ही सगळी तारीखवार नोंद मी एका कारणासाठी सांगितली. तळ्याची बंदी माणसाने काय केले म्हणून नव्हती, तो कोणाच्या पोटी जन्मला म्हणून होती. त्या बंदीला मुदत नव्हती, तिचे कारण कधी तपासायला ठेवलेले नव्हते, आणि ती उठवण्यासाठी अर्ज करायची जागा नव्हती. अन्यायाचे कुलूप या खुणांवरून ओळखावे. ज्याच्यावर चार दिवस, दहा संपादने, महिनाभराची मुदत असे काही लिहिलेले असते, ते कुलूप माणसाला सांगते की तू काम कर, हे उघडेल. या दोन कुलपांत मी जमीन-अस्मानाचे अंतर मानतो. आणि म्हणूनच, कोणी जेव्हा म्हणते की अमुक महापुरुषाच्या पानावर अमुकच समाजाच्या लोकांनी लिहावे, किंवा अमुकांनी लिहूच नये, तेव्हा मी महाडकर म्हणून त्याला विरोध करतो. जो संदर्भ देतो तो लिहील. त्याचे आडनाव विचारायचे कारण नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये जे घडले त्याबद्दल बोलणे इथे, रायगडाच्या पायथ्याशी, सोपे नाही. संभाजी महाराजांवरचा ‘छावा’ चित्रपट लागला होता, मने भरून आली होती. इंग्रजी विकिपीडियावरच्या छत्रपती संभाजी महाराजांच्या पानावरील काही मजकुराने लोक संतापले. मुख्यमंत्र्यांनी तो काढण्यासाठी पावले उचलायला सांगितले, महाराष्ट्र सायबर या पोलिसांच्या विभागाने विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठवली आणि नंतर काही संपादकांविरुद्ध गुन्हा नोंदवला. ज्या गडावर १६८१ साली महाराजांचा राज्याभिषेक झाला तो गड ज्यांना रोज दिसतो, त्यांचा संताप मला समजतो, कारण माझाही जीव त्या गडात आहे. पण संपादकांवर फौजदारी गुन्हा हा मार्ग चुकीचा होता असे माझे स्पष्ट मत आहे.

का, ते सांगतो. संभाजी महाराजांची विकृत प्रतिमा मराठीत शंभर-दीडशे वर्षे नांदली. बखरींनी, नाटकांनी, कादंबऱ्यांनी ती जोपासली. ती पुसली कोणी? वा. सी. बेंद्रे यांनी कित्येक वर्षे देशी-परदेशी दफ्तरे उपसली आणि १९६० साली महाराजांचे साधार चरित्र प्रसिद्ध केले. पुढे डॉ. कमल गोखले यांनी ‘शिवपुत्र संभाजी’ लिहिले. जुन्या लेखकांवर बंदी घालून हे झाले नाही. अधिक चांगला पुरावा समोर ठेवल्यावर जुने लिखाण आपोआप मागे पडले. इंग्रजी विकिपीडियावर मराठी ग्रंथ संदर्भ म्हणून चालतात. बेंद्रे आणि गोखले यांचे ग्रंथ उघडून, पृष्ठक्रमांक देऊन, चर्चापानावर मुद्देसूद मांडणी करणारे पाच अभ्यासक मिळाले, तर ते काम पोलिसांच्या नोटिशीपेक्षा पक्के होईल. पान कुलपात असले तरी चर्चापान सहसा उघडे असते. गुन्ह्याची भीती बसली की वाईट हेतूचा माणूस थांबत नाही, तो नाव बदलून येतो. थांबतो तो महाविद्यालयातला प्राध्यापक, ज्याला नोकरी आणि घर आहे. मग पान कोणाच्या हातात राहिले, याचा विचार संतापलेल्यांनी करावा.

न्यायालयाच्या कुलपाबद्दलही एक शब्द. एका वृत्तसंस्थेने विकिमीडियावर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला होता. त्या दाव्याविषयीचे इंग्रजी पानच ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने बंद करावे लागले. ९ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या पीठाने तो आदेश रद्द केला. न्यायालयांनीसुद्धा आपल्यावरची टीका आणि चर्चा सहन केली पाहिजे, हा त्या निकालाचा गाभा. न्या. ओक मूळचे आपल्या मुंबई उच्च न्यायालयातले, म्हणून मला त्याचा विशेष आनंद झाला.

आता कारखान्याकडे वळतो, कारण कारखान्यांतून आलेल्या, समोर बसलेल्या निम्म्या लोकांना माझ्यापेक्षा हा विषय अधिक कळतो. रिॲक्टरमध्ये सफाईला माणूस उतरतो तेव्हा काय करता? ढवळणीच्या मोटरचा वीजपुरवठा पॅनेलवर तोडता, तिथे फिटर स्वतःचे कुलूप लावतो आणि टॅग अडकवतो. टॅगवर नाव, तारीख, काम. तिघे काम करत असतील तर तीन कुलपे. किल्ली ज्याची त्याच्या खिशात. पाळी बदलली, साहेब आले, उत्पादन अडले, तरी दुसऱ्याने ते कुलूप काढायचे नसते. ते कुलूप मालकी दाखवत नाही, आत माणूस आहे हे सांगते. विकिपीडियावरच्या चांगल्या कुलपाला मी हीच कसोटी लावतो: टॅग आहे का, टॅगवर नाव आहे का, काम झाल्यावर ते निघते का. बिनटॅगचे कुलूप दिसले तर तुमच्यातला कोणताही सेफ्टी ऑफिसर अस्वस्थ होईल. सामाईक ज्ञानाच्या बाबतीतही आपण तसेच अस्वस्थ व्हावे.

कारखान्यातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. कार्यपद्धतीचा कागद ऑफिसातल्या संगणकावर असतो. तो बदलण्याचा अधिकार दोन-तीन जणांना. हे योग्यच आहे. उद्या कोणीही येऊन तापमानाचा आकडा बदलू लागला तर अनर्थ होईल. पण प्लँटवर लावलेल्या छापील प्रतीच्या समासात कधी पाहिले आहे का? पेन्सिलीने लिहिलेले असते: इथे थोडे थांबा, फेस येतो. लिहिणारा रात्रपाळीचा ऑपरेटर. वीस पावसाळे त्याने त्या भांड्याशेजारी काढलेले असतात. मूळ कागद दुरुस्त करायचा त्याला अधिकार नाही, आणि सुचवायचे कुठे, कोणाकडे, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. नवी आवृत्ती आली की जुनी प्रत रद्दीत जाते आणि पेन्सिलीतले शहाणपण तिच्याबरोबर जाते. आज ज्यांचे स्मरण आपण करतो आहोत, ते जुनी प्रत फाडण्यापूर्वी समास वाचत असत. त्यातले कामाचे असेल ते साहेबांपुढे ठेवून, रीतसर बदलाची सूचना करवून, नव्या आवृत्तीत आणत आणि सूचना करणाऱ्याचे नाव नोंदीत घालत. संपादनाचा अधिकार थोड्यांना आणि सुचवण्याचा अधिकार सगळ्यांना, शिवाय सूचनेला उत्तर मिळालेच पाहिजे: याहून चांगली व्यवस्था मला अजून कोणत्याही पुस्तकात सापडलेली नाही. विकिपीडियाचे चर्चापान म्हणजे तो समास आहे. तो वाचणारा कोणी हवा.

मराठीत अडचण नेमकी तिथे आहे. आपल्याकडे नियमित लिहिणारे थोडे, पहारा ठेवणारे त्याहून थोडे, स्त्रिया फारच थोड्या. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या गावांची पाने उघडून पाहा. भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे: सगळे मथळे शिस्तीत मांडलेले आणि मथळ्यांखाली पुष्कळदा रिकामी जागा, किंवा शंभर गावांना लागू पडेल असे एखादे वाक्य. लिहिण्यासारखे तर पुष्कळ आहे. उमरठ म्हणजे तानाजी मालुसऱ्यांचे गाव, शिवथरघळीशी दासबोधाची परंपरा जोडलेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड कोसळली आणि त्याच सुमारास महाड शहर पाण्याखाली गेले. तळियेच्या मृतांचा आकडा तेव्हा दिवसागणिक बदलत होता. जो ऐकतो तो आकडा टाकतो. अशा वेळी चार-आठ दिवसांचे सौम्य कुलूप, तारखेसह आणि सरकारी संदर्भासह एकच आकडा, बाकी सगळे चर्चापानावर, हे योग्य. शोकात असलेल्या घरातल्या माणसाला आपल्या माणसांची संख्या सकाळ-संध्याकाळ वेगळी वाचायला लागू नये.

पण या पानांवर कुलूप लावायची वेळ यायला आधी तिथे कोणीतरी लिहायला हवे. आणि लिहायला येणाऱ्याच्या वाटेतही अडथळे आहेत. एका शाळेच्या संगणक कक्षात कार्यशाळा भरली आहे असे धरा. तीस मुली खाते उघडायला बसल्या. सहा खाती उघडली आणि सातवीला नकार आला. शाळेचे सगळे संगणक बाहेरून एकाच इंटरनेट-पत्त्याचे दिसतात, आणि एका पत्त्यावरून दिवसात सहाच खाती उघडता येतात, खोटी खाती रोखण्यासाठी. मोबाइलवरही तेच: एका पत्त्यामागे हजारो माणसे असतात, त्यातल्या एकाने उच्छाद मांडला म्हणून तो पत्ता रोखला की बाकी सगळे निरपराध बाहेर. त्या सातव्या मुलीला वाटते की आपलेच काही चुकले. ती पुन्हा येत नाही. कुलूप लावणाऱ्याने तिचा विचार केलाच पाहिजे. तिला बाहेर ठेवण्याचा कोणाचाही हेतू नव्हता, आणि तरी ती बाहेर राहिली.

यावर उपाय आहेत आणि ते आपल्या हातात आहेत. मुलींनी आदल्या दिवशी आपापल्या घरून खाती उघडावीत. शाळेने कार्यशाळेपूर्वी मराठी विकिपीडियाच्या चावडीवर, म्हणजे सामाईक चर्चेच्या पानावर, कळवावे म्हणजे त्या दिवसापुरती सवलत मागता येते. राज्य मराठी विकास संस्थेने अशा कार्यशाळा ठिकठिकाणी घेतल्या आहेत. महाडला त्यांना बोलावण्याची जबाबदारी या व्याख्यानमालेने घ्यावी, अशी माझी जाहीर विनंती आहे. पहिले लिखाण धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, करावे, तिथे चुकले तरी कोणाचे काही बिघडत नाही. आणि संदर्भ हवेत. आजोबांनी सांगितलेले कितीही खरे असले तरी विकिपीडियावर चालत नाही. प्रसिद्ध झालेले लागते. मग छापलेले शोधू या: १८८३ चा कुलाबा-जंजिरा गॅझेटियर आहे, १९६४ चा सुधारित कुलाबा गॅझेटियर आहे, शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका आहेत, ग्रामपंचायतींचे अहवाल आहेत. जे छापलेले नाही ते आधी छापून घेऊ. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून पलीकडे उतरले की वाई लागते. तिथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश उभारला, तज्ज्ञांच्या हातांनी आणि कडक संपादनाने. तो विश्वकोश आता संगणकावर मोफत वाचता येतो आणि आपल्या पानांना त्याचा आधार देता येतो. बंद दाराआड तयार झालेले ज्ञान उघड्या दाराच्या घराला असे टेकू देते, आणि दोन्हींची गरज आहे.

शेवटी कामाचे बोलतो. सभागृहाच्या दाराशी एक वही ठेवली आहे. ज्यांना एखाद्या पानाची जबाबदारी घ्यायची आहे त्यांनी तिच्यात गावाचे नाव लिहावे. जबाबदारी म्हणजे मालकी नव्हे. आठवड्यातून एकदा त्या पानाचा इतिहास उघडायचा, नवे काय झाले ते पाहायचे, खोटे असेल तर उलटवायचे आणि का उलटवले ते लिहायचे, चर्चापानावर कोणी काही विचारले असेल तर उत्तर द्यायचे. बिरवाडी, तळिये, उमरठ, शिवथर, पोलादपूर, चवदार तळे आणि सावित्री नदी ही सात पाने आधी घेऊ. प्रत्येक पानाला निदान दोन माणसे, आणि शक्यतो दोघे वेगवेगळ्या आळीतले, वेगवेगळ्या मतांचे. रात्रपाळी करणाऱ्यांनी आपले नाव आवर्जून घालावे, त्या वेळी पहारा ठेवणारे फार कमी असतात.